घोणस सर्पाचें विष व तरुणांचा अर्धांगवायु

येडशीजवळच्या रामलिंगाच्या रानांत घोणस आडवी आली, तर शहाणा माणूस मागें सरतो. मात्र याच सर्पाच्या विषानें कांहीं तरुणांच्या अर्धांगवायूचें कारण उघड केलें आहे. हें विष रक्त झपाट्यानें गोठवितें. १९३४ सालीं मॅकफार्लेननें तें विरल करून, रक्त न गोठणाऱ्या रोग्यांचा रक्तस्राव थांबविण्यास वापरलें. पुढें १९८३ सालीं लंडनच्या ह्यूजनें रक्तांत गुठळ्या करणाऱ्या प्रतिपिंडांचा विकार वर्णिला. १९८६ सालीं त्यासाठीं विरल विषाची चांचणी निघाली. नवल असें कीं, नळींत जें रक्त गोठावयास विलंब लावतें, तेंच शरीरांत गुठळी धरतें! बारा आठवड्यांनीं चांचणी पुन्हां करतात. निदान पक्कें ठरल्यास वॉरफरिन बहुधा दीर्घकाळ घ्यावें लागतें, आणि रक्त वारंवार तपासावें लागतें.