आधी वस्ती, मागून शहर

इतिहास म्हटला की श्रोत्यांची नजर आधी किल्ल्याकडे वळते. मीरा-भाईंदरात किल्ले आहेतही. घोडबंदरचा कोट पोर्तुगीजांचा. तो १७३७ साली मराठ्यांकडे आला. उत्तनजवळच्या धारावी किल्ल्यासाठी चिमाजी अप्पांच्या फौजेला वसईच्या मोहिमेत झुंजावे लागले. पुढे १७७४ च्या अखेरीस साष्टी इंग्रजांनी घेतली. एवढे सांगून आम्ही किल्ल्यांचा निरोप घेतो. कारण आमच्या मते या गावांचे नशीब तटबंदीपेक्षा मातीच्या बांधाने अधिक ठरविले.

साष्टी बेटाचे हे उत्तर टोक. उत्तरेला वसईची खाडी, पश्चिमेला समुद्र, पूर्वेला डोंगर आणि जंगल. मधली जमीन बहुतेक खाजणाची. भरतीचे पाणी बांध घालून अडविले तर भात पिकते. तेच पाणी बेताने आत घेऊन वाफ्यावाफ्यांतून फिरविले आणि उन्हात आटविले तर मीठ पिकते. दिवाळीनंतर बांधांची डागडुजी करायची, मग पाऊस पडेपर्यंत पायांना मिठाच्या चिरा पडेस्तोवर आगरात उभे राहायचे, हा आगरी समाजाचा पिढ्यान्पिढ्यांचा धंदा. किनाऱ्याला कोळी, त्यांतले पुष्कळ ख्रिस्ती.

पण बांध कोणाचा? १८७० साली इंग्रज सरकारने मीरा, भाईंदर आणि घोडबंदर या गावांच्या जमिनीचा हक्क ९९९ वर्षांच्या पट्ट्याने एका खासगी माणसाला दिला. खारे पाणी थोपविणारे बांध त्याने राखावेत आणि शेतकऱ्यांच्या पिकातून आपला वाटा घ्यावा, असा तो व्यवहार. पुढे भात गेले, भाताच्या जागी इमारती आल्या. तरी त्या कागदाचे भांडण महसूल कचेरीत आणि कोर्टात एकविसाव्या शतकातही चालूच राहिले. नऊशे नव्व्याण्णव वर्षे! बादशहासुद्धा इतक्या लांबचा हिशेब मांडत नाहीत.

आगगाडी १८६४ साली या गावांवरून मुंबईत शिरली. १९३६ साली विजेची गाडी विरारपर्यंत गेली, तरी मिठागरे मिठागरेच राहिली. बदल घडविला तो नकाशावरच्या एका रेषेने. १९५७ साली बृहन्मुंबईची हद्द वाढली आणि दहिसरला थांबली. रेषेच्या अलीकडे महानगरपालिकेचे नियम व शहराचे भाव. पलीकडे ग्रामपंचायती आणि स्वस्त खाजण. १९४७ च्या भाडे-नियंत्रणानंतर भाड्याच्या नव्या चाळी बांधण्यात मालकाला रस उरला नव्हता. सामान्य माणसाला पागडी तरी भरायची किंवा लांब जाऊन विकत तरी घ्यायचे. अशात १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप झाला. तेव्हा आम्ही शाळेत होतो. पुढे युनियनच्या कामासाठी घरोघर हिंडताना कळले की गिरणगावातली दहा-बाय-दहाची खोली विकून दहिसरपलीकडे आलेले संसार किती आहेत. सांचे चालविणारा बाप घरी बसलेला, आणि मुलगा स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात पॉलिशच्या चाकावर.

हे गाळे हाही या शहराच्या इतिहासाचा भाग आहे, जरी तो कोणी लिहीत नाही. विजेवर चालणाऱ्या कारखान्याला १९४८ च्या कायद्याने दहा कामगारांची मर्यादा घातली होती. मग हजेरीपटावर आठच नावे ठेवायची, बाकीचे ठेकेदाराचे. गाव दहिसरच्या रेषेबाहेर वसले आणि गाळा दहाच्या रेषेबाहेर. आम्हाला यात एकच वृत्ती दिसते.

इकडे राज्यकारभार मागून धावत येत होता. ग्रामपंचायती १९५८ च्या कायद्याखाली. १२ जून १९८५ ला त्या एकत्र करून नगरपरिषद झाली, ती १९६५ च्या कायद्याखाली. नंतर किनाऱ्याची गावेही आत आली. २८ फेब्रुवारी २००२ ला महानगरपालिका झाली, ती १९४९ च्या कायद्याखाली. सगळ्यांत शेवटी झालेल्या महानगरपालिकेला तिन्हींतला सगळ्यांत जुना कायदा लागला, ही एक गंमतच. लोकसंख्या १९९१ साली पावणेदोन लाखांच्या घरात; २००१ ला ५,२०,३८८; २०११ ला ८,०९,३७८. ग्रामपंचायतीच्या शिक्क्यावर उभ्या राहिलेल्या इमारतींना गटार, रस्ता आणि नळ देण्याचे काम ज्यांच्याकडे आले, त्यांनी त्या इमारतींना परवानगी दिलीच नव्हती.

पाण्याचे तर विचारूच नका. तिन्ही बाजूंनी ओल, आणि पिण्याच्या पाण्यासाठी शहराचे स्वतःचे धरण नाही. उल्हास नदीचे पाणी शहाड-टेमघर योजनेतून आणि औद्योगिक विकास महामंडळाकडून घ्यायचे. सूर्या धरणाची योजना आखली गेली ती दररोज ४०३ दशलक्ष लिटरची. त्यातले २१८ या शहराचे, १८५ वसई-विरारचे. घराचे हप्ते आधी सुरू झाले आणि नळ मागून आला, हा अनुभव पुष्कळ श्रोत्यांच्या घरचा असेल. मधली वर्षे टँकरची. रात्री दोन वाजता इमारतीखाली हंडा-कळशी घेऊन उभ्या राहणाऱ्या बायकांनी ती काढली.

शहराचा कचरा उत्तनजवळच्या धावगी डोंगरावर जाऊ लागला. शहराने घरे बांधली खाजणावर आणि दुर्गंधी धाडली ती कोळ्यांच्या दारी. तिथले लोक मोर्चे काढत राहिले, अर्ज देत राहिले.

आता महानगरपालिकेत कारभाराची खरी सूत्रे आयुक्तांच्या हाती. महापौर सभा चालवितो. तरीही ९५ नगरसेवकांच्या सभागृहात उभे राहून जाब विचारता येतो, हे काही थोडे नव्हे. २०१७ साली निवडलेल्या सभागृहाची मुदत ऑगस्ट २०२२ ला संपली, आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ निवडणूकच झाली नाही; प्रशासकच सभा आणि प्रशासकच आयुक्त. त्या काळात उत्तनचा माणूस कचऱ्याची तक्रार घेऊन मुख्यालयात आला, तर त्याच्यासाठी सभागृह बंद होते. उघडी होती ती आवक-जावकची खिडकी, अर्जावर शिक्का मारून देणारी.