'वीट' हा शब्द आला कुठून? संस्कृतच्याही आधीच्या एका उसन्या शब्दाची गोष्ट

घर बांधायचं तर वीट लागतेच, आणि पंढरपूरचा विठोबाही विटेवरच उभा आहे. पण हा शब्द मूळचा कुणाचा? अनेक भाषाशास्त्रज्ञांच्या मते, संस्कृतच्या पूर्वज भाषेने तो दुसऱ्याच कुणाकडून घेतला होता.

मूळ रूप कसं शोधलं?

संस्कृतमध्ये विटेला 'इष्टका' म्हणतात. प्राकृतात त्याचं 'इट्टा' झालं, हिंदीत 'ईंट' आणि मराठीत 'वीट'. इराणमध्ये जुन्या फारसीत 'इश्ति', तर आजच्या फारसीत 'खिश्त'. मराठीत सुरुवातीला 'व' चिकटला, फारसीत 'ख'. ते बाजूला काढले की नातं लगेच दिसतं.

या तुलनेतून अभ्यासकांनी '*इश्त्' हे मूळ रूप मांडलं. ते आदि-इंडो-इराणी भाषेतलं, म्हणजे साधारण चार हजार वर्षांपूर्वीचं मानलं जातं. आधीच्या ताऱ्याचा अर्थ असा की, हे रूप कुठेही लिहिलेलं सापडलेलं नाही, ते तर्काने बांधलेलं आहे.

मग उसना कशावरून?

'माता', 'भ्राता' या शब्दांची भावंडं लॅटिनमध्येही आहेत: 'मातेर', 'फ्रातेर'. विटेच्या शब्दाला मात्र ग्रीक-लॅटिनमध्ये असं खात्रीचं भावंड नाही.

दुसरं कारण भूगोलाचं. हे लोक गवताळ प्रदेशातले पशुपालक मानले जातात. त्यांच्या दक्षिणेला, आजच्या तुर्कमेनिस्तानातल्या गोनूर देपेसारख्या ठिकाणी कच्च्या विटांच्या मोठ्या वास्तू होत्या. लायडन विद्यापीठाचे अलेक्झांडर लुबोत्स्की यांनी २००१ मध्ये अशा उसन्या शब्दांची यादीच मांडली. उंटासाठीचा 'उष्ट्र'ही त्यात आहे. आपला 'उंट' त्यातूनच आला आणि 'जरथुश्त्र' या नावातही तोच मानला जातो. नवी वस्तू आली, तिच्यासोबत नावही आलं.

हे सिद्ध झालंय का?

पूर्णपणे नाही. ज्या भाषेतून शब्द घेतला असं म्हणतात, तिचं वाचता येईल असं लिखाण उपलब्ध नाही. पण एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. 'इष्टका' ऋग्वेदात नाही, तो यजुर्वेदात विटांची वेदी रचण्याच्या अग्निचयन विधीत येतो.

त्यामुळे एका शब्दावरून 'कोण कुठून आलं' याचा निकाल लावणारा फॉरवर्ड आला, तर जपून. आणि 'आमची भाषा शंभर टक्के शुद्ध' असं सांगणारा आला, तरीही.