गवत्याची खोबण

1987 साली हार्वर्डच्या पामेला ब्योर्कमन आणि सहकाऱ्यांनी एका मानवी प्रथिनाची रचना छापली. स्फटिकावर क्ष-किरण सोडून मिळालेल्या चित्रात एक खोबण होती, आणि तिच्यात अडकलेलं काहीतरी. ते कुणी घातलं नव्हतं! पेशी विषाणूचे तुकडे इथेच धरून पहारेकरी पेशींना दाखवते, हे त्यातून उमगलं.

मला मात्र जास्त भुरळ पडते 2017 ची. बीजिंगच्या संशोधकांनी गवत्या माशाच्या (हो, आपल्या शेततळ्यात सोडतात तोच) याच प्रथिनाचे स्फटिक केले. प्रथिन काही मिठासारखं निमूट जमत नाही. थेंबातलं पाणी हळूहळू कमी होऊ द्यायचं, बहुतेकदा हाती नुसता गाळ. मासा आणि माणूस यांच्या वाटा 40 कोटींहून जास्त वर्षांपूर्वी फुटल्या. गवत्याच्या स्फटिकात खोबण दिसली, आणि तिच्यात विषाणूचा तुकडा.