परवाना आणि हद्द

श्रोतेहो, बंदुकीच्या परवान्यासारखा रुक्ष विषय वसंत व्याख्यानमालेत कशाला, असे कोणी विचारील. उत्तर सरळ आहे. आपल्या जिल्ह्यातील माणूस घर न सोडताही अनेकदा एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेला आहे. राज्य बदलले की हातातल्या कागदाचे काय होते, हा प्रश्न आपल्याइतका कोणाला ठाऊक असणार?

१८५३ सालच्या तहाने निजामाने वऱ्हाड आणि रायचूर दुआबाबरोबर धाराशिवचा मुलूखही इंग्रजांकडे सोपवला. 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' लिहिणारा मेडोज टेलर तेव्हा नळदुर्गास अधिकारी होता. १८६० साली हा मुलूख निजामाकडे परत गेला. त्याच वर्षी, १८५७ च्या उठावाचा धसका घेतलेल्या सरकारने हत्यारांविषयीचा ३१ वा कायदा केला आणि १८७८ साली लॉर्ड लिटनच्या अमदानीत त्याहून कडक ११ वा कायदा आला. हिंदी माणसाला परवान्यावाचून हत्यार बाळगता येईना, गोऱ्यांना मात्र नियमांतच सूट होती. राष्ट्रसभेने या कायद्याविरुद्ध आरंभीच्या अधिवेशनांपासून ठराव केले. ही वर्णभेदाची सूट पहिल्या महायुद्धानंतर गेली, परवाना मात्र राहिला.

हा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानचा होता, निजामाच्या संस्थानाचा नव्हता. आता नकाशा डोळ्यांपुढे आणा. बार्शी तालुका इंग्रजांच्या सोलापूर जिल्ह्यात आणि त्याला लागून येडशी, ढोकी, तेर ही गावे मोगलाईत. १८९७ साली सुरू झालेली बार्शी लाइट रेल्वे पुढे १९११ साली लातूरपर्यंत गेली. त्या चिमुकल्या गाडीत बसलेला उतारू एका कायद्याच्या मुलखात चढे आणि दुसऱ्या कायद्याच्या मुलखात उतरे. हद्दीवर भिंत नव्हती, पण कलेक्टरच्या सहीची सत्ता तिथे संपत होती.

१९४७-४८ साली हीच हद्द जिवावरची झाली. रझाकारांच्या जुलमाने माणसे हद्द ओलांडून बार्शी-सोलापूरकडे आली, आणि स्टेट काँग्रेसच्या कार्यकर्त्यांनी सरहद्दीवर कँप उभारले. त्या दिवसांत हत्यार कोणाच्या हाती आहे यावर गावाचे भवितव्य ठरे. परवाना विचारायला कोणाला सवड नव्हती. १३ सप्टेंबर १९४८ रोजी सोलापुराकडून निघालेल्या भारतीय फौजेने नळदुर्ग घेतले आणि १७ तारखेला निजाम शरण आला.

पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा हैदराबाद राज्यातून द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. १९८२ साली लातूर जिल्हा वेगळा झाला. २०२३ साली जिल्ह्याला धाराशिव हे नाव अधिकृतपणे मिळाले. माणूस ओसरीवरच बसलेला, आणि हद्दी त्याच्या अंगावरून सरकत गेल्या! त्या वेळी शहाणपण एवढे दाखवले गेले की, राज्य पुनर्रचनेच्या कायद्याने जुने कायदे बदल होईपर्यंत चालू ठेवले. सरकारने हद्द हलवली तेव्हा नागरिकाचा कागद रातोरात रद्दी ठरवला नाही.

मग नागरिक स्वतः हद्द ओलांडतो तेव्हा काय? १९३१ च्या कराची ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क नोंदला होता. घटना समितीत डिसेंबर १९४८ मध्ये ह. वि. कामत यांनी तो मूलभूत हक्कांत घालण्याची दुरुस्ती मांडली, पण ती नामंजूर झाली. घटनेने हत्यारे हा विषय केंद्राच्या यादीत घातला, पोलीस आणि सुव्यवस्था मात्र राज्यांकडे ठेवली. १९५९ चा शस्त्र कायदा १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. सगळ्या देशाला कायदा एक, पण परवान्यावर क्षेत्राचा रकाना असतो. तिथे 'महाराष्ट्र राज्य' लिहिले असेल, तर उमरग्याच्या पलीकडे कर्नाटकाची हद्द लागली की तो कागद मुका होतो.

क्षेत्र आणि राहण्याचे ठिकाण या दोन निराळ्या गोष्टी आहेत. क्षेत्र वाढवून घ्यायला वेगळा अर्ज लागतो. आणि हत्यारासह तीस दिवसांहून अधिक काळ दुसरीकडे राहायला गेल्यास त्या मुदतीत जुन्या आणि नव्या, दोन्ही ठिकाणच्या परवाना अधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. क्षेत्र देशभराचे असले तरी हे कळवणे चुकत नाही.

अमेरिकेत गोष्ट उलट आहे. तिथे २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने घराबाहेर पिस्तूल बाळगणे हा घटनादत्त हक्क मानला. तरीही एका राज्याचा लपवून बाळगण्याचा परवाना दुसरे राज्य मानतेच असे नाही. हक्क मानणारा देश असो वा न मानणारा, हद्दीवर दोघांचेही पाय अडखळतात.

आमच्या चळवळीला यात रस का, ते आता सांगतो. बंदूक म्हटले की जमीनदार नि पुढारी आठवतात. पण बँकेच्या दारात दुनळी घेऊन उभा असणारा रखवालदार हाही परवानाधारकच असतो. पुष्कळदा तो निवृत्त जवान असतो आणि परवाना हेच त्याच्या पोटाचे साधन असते. ठेकेदार त्याला आज सोलापूरला उभा करतो, उद्या कलबुर्गीला, परवा हैदराबादला. बदलीचा हुकूम ठेकेदाराचा, पण कागद रखवालदाराच्या नावाचा. अटीचा भंग झाला तर कलम ३० खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. परवान्यावाचून हत्यार बाळगल्याचा आरोप कलम २५ खाली आला, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर शिक्षा दोन ते पाच वर्षांची आहे. नफा एकाचा आणि तुरुंग दुसऱ्याचा, असा हा हिशेब आहे.

माझे म्हणणे कायदा सैल करा असे नाही. लग्नाच्या वरातीत गोळ्या झाडणाऱ्यांचा कैवार मी घेणार नाही. हत्यार कुठे आहे हे सरकारला ठाऊक असलेच पाहिजे. पण ज्याच्या हुकुमाने माणूस हद्द ओलांडतो, त्याच्यावर कागदपत्रांची जबाबदारी टाका, एवढी मागणी वाजवी आहे. तोवर रखवालदाराने तीन गोष्टी पाळाव्यात : बदलीचा हुकूम लेखी घ्यावा, क्षेत्राचा रकाना आधी वाचावा आणि दोन्ही कार्यालयांकडे दिलेल्या अर्जांची तारखेसह पोच जपून ठेवावी. परवानगी मिळेपर्यंत हत्यार हद्दीपलीकडे नेऊ नये. परवान्याची मुदत संपली किंवा तो रद्द झाला, तर ते ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करण्याची तरतूद कलम २१ मध्ये आहे.

१९५६ साली सरकारने हद्द हलवली, तेव्हा कागद सांभाळण्याची काळजी सरकारने घेतली. आज ठेकेदार माणूस हलवतो, तेव्हा ती काळजी ठेकेदाराने घेतली पाहिजे.