नऊ जूनच्या दोन नोंदी

'तुमचे पूर्वज मुसलमान का झाले हो?' हा प्रश्न मला अधूनमधून विचारला जातो. विचारणाऱ्याजवळ उत्तर तयार असतं: तलवार, नाहीतर लोभ. माझ्याजवळ मात्र उत्तर नसतं. आमच्या घराण्यात पहिला कलमा कोणी पढला, याची नोंदच नाही. जिथे अशी नोंद आहे, त्या रांचीची गोष्ट म्हणूनच मला जवळची वाटते.

बर्लिनच्या योहान्नेस गॉसनर यांनी पाठवलेले चार जर्मन मिशनरी २ नोव्हेंबर १८४५ रोजी रांचीला पोहोचले. चार-साडेचार वर्षं उपदेश केला, पण एकही आदिवासी त्यांच्याकडे वळला नाही. अखेर ९ जून १८५० रोजी चार उरांवांनी बाप्तिस्मा घेतला. नवीन डोमन, केसो, बंधू आणि घुरन. हे चौघे कबीरपंथी होते! मिशनऱ्यांनी गाठण्याआधीच ही माणसं स्वतःहून काहीतरी शोधत होती. 'आम्हाला येशू दाखवा' असा हट्ट त्यांनी धरला होता म्हणे.

पुढे माणसं आली ती मुख्यतः जमिनीच्या दुःखानं. मुंडा-उरांवांच्या वाडवडिलांनी जंगल तोडून गावं वसवली होती. ती जमीनदार आणि ठेकेदार गिळत होते, वर वेठबिगार करून घेत होते. मिशनच्या शाळेत अक्षर मिळे, कचेरीत अर्ज करायचा धीर मिळे. जमीनदारांना हे खुपलं. १८५७ च्या धामधुमीत ख्रिस्ती आदिवासींची घरं लुटली गेली, कित्येकांनी जंगलात आसरा घेतला. रांचीच्या चर्चवर तोफेचे गोळे डागले गेले. त्याची खूण भिंतीवर आजही दाखवतात.

पण ही साथ एका मर्यादेपर्यंतच होती. आदिवासी सरदार सगळ्या जमिनीवर हक्क मागू लागले, तेव्हा मिशनऱ्यांनी हात आखडता घेतला. अनेकांनी चर्च सोडलं. चाईबासाच्या जर्मन मिशन शाळेत शिकलेला एक मुलगाही बाहेर पडला. तो बिरसा मुंडा. त्याच्या उलगुलाननं सरकार हादरलं. ९ जून १९०० रोजी रांचीच्या तुरुंगात त्याचा अंत झाला. पहिल्या बाप्तिस्म्याला त्या दिवशी बरोबर पन्नास वर्षं होत होती. पुढे १९०८ साली छोटानागपूर कुळकायदा झाला, त्यामागे या सगळ्या लढ्याचं बळ होतं.

पहिल्या महायुद्धात जर्मन म्हणजे शत्रू. सरकारनं मिशनऱ्यांना हलवलं आणि देखरेख तात्पुरती अँग्लिकन बिशपकडे गेली. पण १० जुलै १९१९ रोजी आदिवासी ख्रिस्तींनी जाहीर केलं, आमचं चर्च आम्हीच चालवू. आजचं गॉसनर इव्हँजेलिकल लूथरन चर्च ते हेच. मिशन जर्मनांचं होतं, चर्च मुंडा-उरांवांचं झालं.

बिरसा बाहेर पडला आणि हे आत राहिले. दोघांनाही हवा होता तो मान, आणि पायाखालची जमीन. आता कोणी मला तो जुना प्रश्न विचारला, की मी या नऊ जूनच्या दोन नोंदी सांगतो. माझ्या त्या अनामिक पूर्वजालाही काहीतरी हवं असेलच. ते काय होतं, एवढंच मला त्याला विचारायचं आहे.