फ्रेंच कलागीते व मंद्र पितळी वाद्ये

फ्रेंच कलागीते व मंद्र पितळी वाद्ये : कंठ व पियानो यांसाठी रचलेली फ्रेंच कलागीते ट्राँबोन, युफोनियम, ट्यूबा या खालच्या स्वरक्षेत्रातील पितळी वाद्यांसाठी रूपांतरित करण्याची प्रथा. फ्रेंचमध्ये या गीतप्रकारास ‘मेलॉदी’ म्हणतात. त्यातील सुरावट कवितेच्या उच्चारणाशी निगडित असते. म्हणून शब्द वगळल्यावर गीताचे काय उरते, हा या रूपांतरांतील मूलभूत प्रश्न होय.

या प्रथेची पूर्वपीठिका एकोणिसाव्या शतकातील पॅरिसमध्ये आढळते. एक्तॉर बेर्लिओझ (१८०३–६९) याने जुलै क्रांतीच्या दहाव्या स्मृतिदिनानिमित्त १८४० मध्ये सादर केलेल्या सिंफनीच्या दुसऱ्या भागात, रंगभूमीवर न आलेल्या आपल्या एका ऑपेरातील गानसुरावट ट्राँबोनकडे सोपविली. पॅरिसच्या संगीत विद्यालयात गायन शिकविणारा इटालियन गायक मार्को बोर्दोन्यी (१७८९–१८५६) याने कंठसाधनेसाठी शब्दरहित स्वरपाठ रचले. मुख्यतः त्यांवर आधारलेले १२० पाठ बॉस्टन सिंफनी वाद्यवृंदातील फ्रेंच ट्राँबोनवादक जोआनेस रोश्यू याने १९२८ मध्ये तीन खंडांत प्रसिद्ध केले. पुढे ते ट्यूबा व युफोनियम यांच्या शिक्षणातही रूढ झाले. मॉरीस राव्हेल (१८७५–१९३७) याची मंद्र कंठासाठी रचलेली हाबानेरा-शैलीतील स्वररचना (१९०७) मुळातच शब्दरहित असल्याने वाद्यांवर सहज रुळली. याउलट गाब्रीएल फोरे (१८४५–१९२४) याच्या ‘आप्रे अँ रेव्ह’ या लोकप्रिय गीताच्या वादनात कविता गमवावी लागते.

रूपांतरात तीन अडचणी प्रामुख्याने उद्‌भवतात. गीत एक सप्तक खाली आणल्यास सुरावट पियानोच्या डाव्या हाताच्या स्वरांत मिसळते, क्वचित त्यांच्याही खाली जाते आणि स्वरसंघाचा पाया बदलतो. त्यामुळे वाद्याचे वरचे स्वरक्षेत्र योजावे लागते वा साथ विरळ करावी लागते. ट्राँबोनची सरकनळी हलताना मधले स्वर घसरत ऐकू येतात. ते टाळण्यासाठी जिभेचा मृदू आघात आवश्यक असतो. ट्यूबास श्वास अधिक लागत असल्याने दीर्घ चरण तोडावे लागतात.

फ्रेंच उच्चारणात शब्दाघात सौम्य असल्याने एकाच स्वरावर अनेक अक्षरे समगतीने येतात. असे स्वर जोडून दीर्घ केल्यास वादन सोपे होते. पण गीतातील भाषणलय नष्ट होते. म्हणून वादकाने मूळ कविता अभ्यासून श्वासाची स्थाने तिच्या अर्थानुसार ठरविणे इष्ट असते. शब्द ऐकू आले नाहीत, तरी त्यांची लय वादनात टिकणे, यावरच रूपांतराचे यश अवलंबून असते.