आधी यादी, मग घर

मुंबईतल्या कुठल्याही जुन्या झोपडपट्टीत जा, घरोघरी एक प्लॅस्टिकची पिशवी सापडेल. दोन गाठी मारलेली, पत्र्याच्या ट्रंकेत तळाशी नाहीतर देव्हाऱ्याच्या मागे ठेवलेली. तिच्यात रेशनकार्ड, फोटोपास, जुनी लाइटबिलं, मतदार यादीच्या पानाची झेरॉक्स, पोरांचे शाळेचे दाखले. आग लागली, पाणी भरलं किंवा पालिकेची तोडायची गाडी आली, तर आधी पोरं बाहेर काढायची आणि मग ही पिशवी. भांडीकुंडी नंतर.

गेल्या पन्नास वर्षांत या शहरात घराच्या हक्कासाठी ज्यांनी ज्यांनी वस्त्या संघटित केल्या, त्या सगळ्यांचं काम शेवटी या पिशवीपाशी येऊन थांबतं, असं मला वाटतं. मोर्चे निघाले, उपोषणं झाली, कोर्टकज्जे झाले, ते सगळं खरंच. पण प्रत्येक वेळी मुद्दा एकच होता : यादी कोण करणार आणि त्या यादीत कोण असणार?

सुरुवात १९७० च्या दशकापासून करू. तोवर झोपडपट्टी म्हणजे अतिक्रमण आणि अतिक्रमण म्हणजे तोडायचं, इतका सरळ हिशोब होता. १९७१ साली महाराष्ट्राने झोपडपट्टी सुधारणा, निर्मूलन आणि पुनर्विकासाचा कायदा केला. नळ, संडास, गटारं, रस्त्यावरचे दिवे अशा सोयी वस्तीत द्यायच्या, हे सरकारने पहिल्यांदा मान्य केलं. पण द्यायच्या कुणाला? त्यासाठी माणसं मोजायला हवीत. मग ४ जानेवारी १९७६ ला मुंबईतल्या झोपड्यांची एका दिवसात मोजणी झाली. सुमारे २८ लाख माणसं निघाली! ज्यांची नोंद झाली त्यांना पुढे फोटोपास मिळाले. घरातल्या माणसांचा फोटो, झोपडीचा नंबर आणि सरकारी शिक्का. आयुष्यात पहिल्यांदा या शहराने त्यांना 'तुम्ही आहात' असं लिहून दिलं.

हे आणीबाणीचे दिवस होते. मोजणीनंतर चारच महिन्यांनी, मे १९७६ मध्ये, मानखुर्दजवळची जनता कॉलनी उठवली गेली. अणुशक्ती केंद्राशेजारची ही वस्ती. गंमत (गंमत कसली म्हणा!) अशी की तिथल्या जुन्या लोकांना शहरातून उचलून पालिकेनेच तिथे आणून बसवलं होतं. सुमारे ७० हजार माणसांना तिथून हलवून आज ज्याला चीता कॅम्प म्हणतात तिथे नेलं. म्हणजे सरकारी नोंद असली की घर शाबूत, असंही नाही.

या जनता कॉलनीतूनच जोकिन अर्पुथम हे नाव पुढे आलं. कोलारच्या सोन्याच्या खाणींच्या गावातून १९६३ साली मुंबईत आलेला हा सुतारकाम करणारा तरुण. वस्तीतला कचरा पालिका उचलत नव्हती. अर्ज-विनंत्यांचा उपयोग होईना, तेव्हा त्याने वस्तीतली पोरं जमवली. प्रत्येकाने थोडा थोडा कचरा बांधून घेतला आणि तो सगळा नेऊन पालिकेच्या ऑफिससमोर टाकला. त्यानंतर गाडी यायला लागली म्हणे. मला या गोष्टीतला धीटपणा आवडतोच, पण त्याहून आवडतो तो त्यातला विचार. साहेबाला कचरा नुसता कागदावर कळत नव्हता, म्हणून तो मोजून त्याच्या दारात ठेवला. पुढे १९७० च्या दशकाच्या मध्यावर त्याने राष्ट्रीय पातळीवर झोपडपट्टीवासीयांचं फेडरेशन उभं केलं. २००० साली त्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २०१८ मध्ये तो गेला.

आता फूटपाथवर येऊ. १९७६ च्या मोजणीत फूटपाथवर राहणारे बहुतेक सुटले होते. झोपडपट्टीला निदान कायद्यात जागा होती, फूटपाथला तीही नाही. जुलै १९८१ मध्ये, ऐन पावसाळ्यात, तेव्हाचे मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी जाहीर केलं की फूटपाथवर राहणाऱ्यांना हटवून त्यांच्या मूळ गावी पाठवणार. तोडकाम सुरू झालं. पत्रकार ओल्गा टेलिस आणि इतर काही जण कोर्टात गेले, स्थगिती मिळाली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोचलं.

१० जुलै १९८५ ला निकाल लागला. सरन्यायाधीश होते आपले पुण्याचे यशवंतराव चंद्रचूड. हा निकाल कायद्याच्या पुस्तकांत एका वाक्यासाठी प्रसिद्ध आहे : जगण्याच्या हक्कात रोजीरोटीचा हक्क येतो. फूटपाथवरून उठवलं की माणसाचं कामही जातं, हे न्यायालयाने मान्य केलं. पण निकाल पुढे वाचला तर वेगळंच दिसतं. पालिकेचा फूटपाथ मोकळा करण्याचा अधिकार न्यायालयाने कायम ठेवला. फक्त शक्यतो आधी नोटीस द्यावी आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे पावसाळा सरेपर्यंत, थांबावं. आणि पर्यायी जागा? ती १९७६ च्या मोजणीत ज्यांची नोंद झाली होती त्यांना. पुन्हा तीच यादी!

म्हणजे देशभर ज्या निकालाचा गौरव झाला, तो ऐकून भायखळ्याच्या फूटपाथवरच्या बाईच्या पदरात काय पडलं, तर साडेतीन महिन्यांची मुदत.

इथून पुढचा भाग मला या सगळ्या इतिहासात सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. भायखळ्यात 'स्पार्क' नावाची संस्था १९८४ साली सुरू झाली होती. शीला पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांची. तोडकाम येणार हे दिसत असताना त्यांनी आणि फूटपाथवरच्या बायकांनी काय केलं? १९८५ च्या त्याच पावसाळ्यात स्वतःची मोजणी केली. सुमारे ६ हजार कुटुंबांची माहिती गोळा झाली. कुठून आलात, कधी आलात, काय काम करता, कामाला कसे जाता. या अहवालाचं इंग्रजी नाव 'आम्ही, अदृश्य' अशा अर्थाचं होतं. त्यातून दिसलं की ही माणसं काल-परवा आलेली नाहीत, रिकामी बसलेली नाहीत, आणि बरीचशी कामाला चालत जातात. फूटपाथ सोडून लांब न जाण्याचं कारण तेच होतं. बस-लोकलचं भाडं दिलं तर हातात काय उरणार?

तोपर्यंत मोजणी म्हणजे साहेब येणार, वही काढणार, झोपडीवर नंबर टाकणार आणि आपण दाराशी उभं राहायचं. आता वही वस्तीच्या हातात आली. दुसऱ्या वर्षी, १९८६ मध्ये, याच बायकांची 'महिला मिलन' ही संघटना झाली. रोज एक-दोन रुपये बचत जमा करायची, आणि जी बाई पैसे गोळा करायला दारोदार जाते तिला कुणाच्या घरी काय चाललंय हे आपोआप कळतं. संघटना बांधायला याहून साधी युक्ती कुठली?

मग त्यांनी घराचा नमुना केला. कसा असावा आपला घर, यावर चर्चा केल्या, कापड आणि पुठ्ठा वापरून खरोखरच्या मापाची घरं उभी करून बघितली. जागा लहान, तर उंची वाढवू, असं ठरलं. १४ फूट उंची आणि वर पोटमाळा! चाळीत राहिलेल्या कुणालाही हे लगेच कळेल. एका खोलीत तीन पिढ्या वाढवायच्या तर पोटमाळ्याला पर्याय नाही. बायकांनी हे स्वतःच्या रोजच्या जगण्यातून काढलं.

धारावीतही हेच झालं. १९८५ च्या अखेरीस राजीव गांधींनी मुंबईसाठी १०० कोटी जाहीर केले, त्यातला काही भाग धारावीला येणार होता. फेडरेशनने वस्तीतली माणसं घेऊन घरं मोजली. कुटुंबांचा आकडा लाखावर गेला. सरकारी अंदाज त्याच्या जवळपास निम्मा होता. आता विचार करा, निम्म्या माणसांसाठी आराखडा झाला असता तर उरलेली अर्धी कुठे गेली असती? आकडा बदलला की धोरण बदलावंच लागतं.

अखेर १९९५ साली झोपडपट्टी पुनर्वसनाची नवी योजना आली. बिल्डरने झोपडपट्टीच्या जागी रहिवाशांना २२५ चौरस फुटांची घरं मोफत बांधून द्यायची आणि बदल्यात जादा बांधकाम विकून नफा मिळवायचा. या योजनेत फूटपाथवर राहणाऱ्यांनाही पात्र धरलं गेलं. दहा वर्षांपूर्वी जे अदृश्य होते, ते सरकारी धोरणात आले. हा विजय मोठा होता, आणि तो मोजणीचा होता.

इथे गोष्ट संपली असती तर किती बरं झालं असतं! पण यादी आली की तारीख येते. 'एक जानेवारी १९९५.' त्या दिवशीच्या मतदार यादीत नाव असेल तर पात्र, नसेल तर अपात्र. पुढे ही तारीख २००० झाली, मग २०११ पर्यंतच्यांना पैसे भरून घर अशी सोय झाली (२०२३ मध्ये ती रक्कम अडीच लाख ठरली). तेव्हा ८ लाख मोफत घरांचं स्वप्न दाखवलं होतं. तीन दशकं उलटली तरी तो आकडा गाठलेला नाही.

मी स्वतः काही वर्षं एका वस्तीत सुट्टीच्या दिवशी या कागदांच्या कामात हातभार लावत होते. म्हणून सांगते, एकाच भिंतीच्या दोन बाजूंना राहणारी दोन घरं, एक पात्र आणि एक अपात्र, हे रोजचं दृश्य होतं. का? तर एकीचं नाव यादीत आहे आणि दुसरी त्या वर्षी बाळंतपणाला गावी गेली होती. एकीच्या रेशनकार्डावर 'सकुबाई' आणि मतदार यादीत 'सखूबाई'. वीस वर्षं एका नळावर भांडलेल्या आणि एकमेकींची पोरं सांभाळलेल्या या बायका यादी लागल्यावर एकमेकींशी बोलेनाशा होतात. जी यादी वस्तीला एकत्र आणते, तीच तिला मधोमध चिरते.

दुसरी अडचण कार्यकर्त्याची. १९९५ च्या योजनेत ७० टक्के रहिवाशांची संमती लागायची (पुढे ती अट ५१ टक्क्यांवर आली). ज्याच्या शब्दावर लोक सह्या करतात, अशा माणसाला बिल्डरच्या दृष्टीने एकदम भाव आला. कालपर्यंत वॉर्ड ऑफिसात अर्ज घेऊन उभा असलेला कार्यकर्ता आज सह्या आणून देणारा दलाल झाला, अशी उदाहरणं वस्त्यावस्त्यांत ऐकू येतात. सगळेच तसे नव्हेत, अजिबात नव्हेत. पण वही ज्याच्या हातात असते त्याच्याकडे सत्ता येते, हे वस्तीलाही कळून चुकलं.

आणि तिसरी गोष्ट जमिनीची. याद्यांच्या लढाईत मूळ प्रश्न, म्हणजे शहरातली जमीन कुणासाठी, हा मागे पडला. गोरेगावच्या मृणाल गोरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांची नागरी निवारा परिषद वेगळ्या वाटेने गेली होती. १९७६ च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्याचा आधार घेऊन त्यांनी दिंडोशीची जमीन सामान्य माणसांच्या घरांसाठी मागितली आणि तिथे सुमारे ६ हजार घरं उभी राहिली. त्यांनी हात घातला तो थेट जमिनीला. पण हा कायदाच २००७ साली महाराष्ट्राने रद्द केला आणि ती वाट बंद झाली. उरली ती फक्त यादी.

२०२४ मध्ये धारावीत पुन्हा सर्वेक्षण सुरू झालं. झोपड्यांवर पुन्हा नंबर पडले. कोण धारावीत राहणार आणि कोण बाहेर जाणार, हे पुन्हा मजला आणि तारखेवरून ठरायचं होतं. पुन्हा त्या पिशव्या उघडल्या गेल्या असणार. मला तेव्हा १९८५ च्या भायखळ्यातल्या त्या बायका आठवल्या. त्यांनी कुणाला वगळण्यासाठी मोजणी केली नव्हती. फूटपाथवर जी जी होती, तिला तिला त्यांनी वहीत घेतलं. तारीख विचारली, पण ती किती वर्षं सोसलं हे कळावं म्हणून.

वस्तीत काम करू पाहणारी तरुण मुलं कधी कधी विचारतात, सुरुवात कुठून करायची? मी सांगते, वही घ्या आणि वस्तीतल्याच बायकांना बरोबर घेऊन पहिल्या घरापासून शेवटच्या घरापर्यंत जा. भाडेकरू असो, कालच आलेला असो, कागद असो-नसो, प्रत्येकाचं नाव लिहा. कोण पात्र आणि कोण अपात्र हे ठरवायला सरकार बसलेलं आहेच. ते काम आपण कशाला करायचं?